तीन तिघाडा आणि एक डोके

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी चौकात वाहतूक पोलिसांची हेल्मेट तपासणी चालू होती. त्या रांगेत माझे मामाही सापडले. मामांचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने अधू झालेले. ते कुबड्यांवर चालतात आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना जादा चाके बसवलेली स्कूटर चालवतात. हवालदारांनी विचारले, ‘‘हेल्मेट कुठंय?’’ मामा म्हणाले, ‘‘साहेब, हेल्मेट दुचाकीला. ह्या गाडीची चाकं मोजा की.’’ हवालदारांनी चाके मोजली, कुबड्यांकडे पाहिले, हसले आणि म्हणाले, ‘‘जावा तुम्ही.’’ शेजारच्या तरुणाला मात्र पावती फाडावी लागली.

संध्याकाळी मामा आमच्या घरी आले ते लढाई जिंकल्याच्या थाटात. माझे वडील रिक्षा चालवतात. त्यांनीही मान डोलावली. ‘‘बरोबरच आहे. तीन चाकांना कुठं हेल्मेट असतंय? वीस वर्षं झाली, मला कुणी इचारलं न्हाई.’’ खरे तर मामांच्या स्कूटरची चाके चार भरतात; पण मागची तिन्ही एका ओळीत असल्यामुळे सगळे तिला तीनचाकीच म्हणतात. त्या दिवशी आम्ही सगळेच हसलो. मीही हसले.

गेल्या वर्षी श्रावणात समोरून आलेल्या टेंपोला वाट देताना मामांच्या स्कूटरचे डावीकडचे जादा चाक डांबर सोडून साइडपट्टीवर उतरले. पावसाने साइडपट्टी खचलेली होती. गाडी कलंडली आणि मामांचे डोके कडेच्या दगडावर आपटले. वेग ताशी वीस किलोमीटरच्याही आत होता, असे मागून येणाऱ्यांनी सांगितले. बाहेरची जखम सात टाक्यांची. पण मार आतून बसला होता. नऊ दिवस मामा दवाखान्यात होते. ते वाचले, बोलू लागले, हिशेबही पूर्वीसारखा करू लागले. एक गोष्ट मात्र परत आली नाही. त्यांना आता वास येत नाही.

नाकाच्या मुळाशी चाळणीसारखे एक पातळ हाड असते आणि त्याच्या छिद्रांतून गंधाचे अतिशय नाजूक तंतू मेंदूकडे जातात. डोक्याला जोराचा हिसका बसला की ते तुटू शकतात, असे डॉक्टरांनी समजावले. दुसऱ्या कोणाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण मामांचे चटणी कांडपाचे यंत्र आहे. बायका मिरच्या आणि भाजलेला मसाला घेऊन येतात. मिरची दमट आहे, खोबरे जास्त भाजले, लवंग जुनी आहे, हे मामा पिशवीचे तोंड उघडताच सांगत. आता ते पिशवी मामींच्या पुढे धरतात.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. तीन चाकांच्या गाडीला हेल्मेट लागते की नाही? लागत नसेल तर का? आणि लागो वा न लागो, ते घालायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क कोणाचा? विषय कला शाखेच्या विद्यार्थिनीचा नाही, असे कोणी म्हणेल. पण कायदा राज्यशास्त्रात येतो, आणि राहिलेले विज्ञान मी विज्ञान शाखेतल्या मैत्रिणीकडून समजून घेतले. जे हाती लागले ते येथे मांडते.

प्रथम कायदा पाहू. १९३९ च्या जुन्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेटचे कलम मुळात नव्हते. ते १९७७ साली घालण्यात आले. पुढे १९८८ चा नवा कायदा आला आणि १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या १२९ व्या कलमात हेल्मेट आहे. हे कलम ‘मोटारसायकल’ या शब्दाभोवती बांधलेले आहे आणि मोटारसायकल म्हणजे काय हे दुसऱ्या कलमात सांगितले आहे : दोन चाकांचे मोटार वाहन, आणि त्याला जोडलेली, जादा चाक असलेली, काढता येण्याजोगी साइडकार असेल तर तीही त्यातच धरायची. स्कूटर, मोपेड वगैरे सर्व या व्याख्येत येतात. रिक्षा येत नाही. म्हणून माझ्या वडिलांना वीस वर्षांत कोणी विचारले नाही, हे कायद्याला धरूनच होते. रिक्षावाल्याला हेल्मेट नसल्याबद्दल दंड झाल्याच्या बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात आणि लोक हसतात. ती चूक लिहिणाऱ्याची किंवा यंत्राची असते, कायद्याची नव्हे.

पण येथेच एक गंमत आहे. ‘शोले’ (१९७५) मधली जय आणि वीरूची साइडकारवाली मोटारसायकल आठवा. तिची चाके तीन. रिक्षाचीही तीन. तरीही कायद्याच्या दृष्टीने पहिली मोटारसायकल आहे आणि दुसरी नाही. १९८८ च्या मूळ कलमात साइडकारमध्ये बसणाऱ्याला हेल्मेटमधून सूट होती. म्हणजे चालवणाऱ्याने घालायचे आणि त्याच्या शेजारी, त्याच वाहनात, जमिनीच्या अधिक जवळ बसलेल्याने नाही घातले तरी चालायचे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम नव्याने लिहिले गेले. आता मोटारसायकलवरून नेल्या जाणाऱ्या, चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला हेल्मेट आवश्यक आहे. पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तींची सूट पूर्वीप्रमाणेच ठेवली आहे. हेल्मेट नसल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवान्यावर गदा, अशी शिक्षाही त्याच दुरुस्तीने आली.

मग मामांची स्कूटर कोठे बसते? दिव्यांग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या किंवा बदल केलेल्या वाहनाची वेगळी व्याख्या कायद्यात आहे. २०१९ पूर्वी केवळ मुद्दाम बनवलेले वाहनच त्यात मोडे. आता बदल करून घेतलेलेही मोडते. ही सुधारणा चांगलीच झाली. पण हेल्मेटचे कलम मोटारसायकलपुरते आहे आणि मोटारसायकलच्या व्याख्येत चाके दोन आहेत. तेव्हा ‘चाकं मोजा’ हा मामांचा युक्तिवाद वरवर थट्टेचा असला तरी अगदीच पोकळ नव्हता. उलट कोणी म्हणेल, ही स्कूटर मुळात मोटारसायकलच. जादा चाके साइडकारसारखी जोडलेली. वाद दोन्ही बाजूंनी घालता येतो. रस्त्याकडेच्या त्या दगडाने मात्र वाद घातला नाही.

हा घोळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत तो उलट्या बाजूने झाला. तेथील संघराज्याच्या नियमात मोटारसायकलची व्याख्या अशी की, स्वारासाठी बैठक किंवा खोगीर असलेले आणि जमिनीला तीनपेक्षा जास्त चाके न टेकणारे मोटार वाहन. म्हणजे आपण दोनवर थांबलो, ते तीनपर्यंत गेले. परिणाम असा झाला की, मोटारीसारखे स्टिअरिंग, शेजारी-शेजारी दोन आसने आणि सुरक्षापट्टे असलेली तीन चाकांची गाडीसुद्धा तेथे मोटारसायकल ठरली. पोलारिस कंपनीची स्लिंगशॉट ही २०१४ साली आलेली गाडी त्याच जातीची. मग अनेक राज्यांनी ‘ऑटोसायकल’ नावाचा नवा वर्ग काढला. त्यात हेल्मेट कोठे लागते, कोठे लागत नाही, कोठे छप्पर असेल तरच माफ, अशी राज्याराज्यांत तऱ्हा. तात्पर्य, तेथेही कायद्याने आधी चाके मोजली आणि मग ठिगळे लावली.

आता विज्ञानाकडे वळू. आपल्या घरात तीन पायांवर उभ्या असलेल्या दोन गोष्टी असत : चूल आणि तिवई. चुलीचे दगड तीनच का? कारण जमीन कितीही उंचसखल असली तरी तीन दगडांवर भांडे डुगडुगत नाही. तिवईचेही तसेच. चार पायांच्या पाटाखाली मात्र कागदाची घडी सारावी लागते. म्हणून तीन चाकांवर बसलेल्या माणसाला भक्कम वाटते. उभी असताना ती गाडी खरोखरच भक्कम असते. पाय टेकवावा लागत नाही, तोल सांभाळावा लागत नाही. मामांसारख्या माणसाला ही केवढी मोठी देणगी आहे! त्या दोन चाकांमुळे ते कोणाच्या मागे न बसता बाजाराला जाऊ लागले.

पण तिवईच्या दोन पायांच्या मधल्या बाजूवर भार टाकून पाहा. ती पटकन आडवी होते. तीन पायांचा आधार त्रिकोणी असतो. वजनाचा मध्य त्या त्रिकोणाच्या आत आहे तोवर सर्व ठीक; कडेबाहेर ढकलला गेला की संपले. पुढे एक चाक आणि मागे दोन, अशा गाडीचा त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. वळणावर गाडीतले सर्व वजन बाहेरच्या बाजूला रेटले जाते, हे एस.टी.त उभे राहून प्रवास केलेल्या कोणालाही सांगायला नको. दुचाकी अशा वेळी आत झुकते आणि त्या रेट्याला उत्तर देते. तीनचाकीला झुकता येत नाही. ती ताठ उभी राहते आणि आतले चाक उचलू पाहते. त्यातच वळता वळता ब्रेक दाबला तर वजन पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकते. ज्या ब्रेकने वाचायचे त्यानेच उलटण्याची भीती वाढते. साइडकारची तऱ्हा आणखी निराळी. ती आपल्याकडे डाव्या हाताला असते. डावीकडे जोरात वळले तर तिचेच चाक हवेत उठते.

म्हणजे ‘तीन चाके आहेत, पडणार नाही’ ही समजूत अर्धीच खरी आहे. हळू आणि सरळ जाताना तीनचाकी दुचाकीपेक्षा स्थिर असते. वळणावर आणि खचलेल्या कडेला ती स्थिरता दगा देते. ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही म्हण ज्याने केली त्याने मोटार पाहिली नसेल, पण वळणावर त्याचे म्हणणे खरे ठरते.

‘वेग तर वीससुद्धा नव्हता,’ हे वाक्य आमच्या घरी कितीदा बोलले गेले. पण डोके फुटायला गाडीचा वेग लागतच नाही. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर आहे असे धरू. तेथून कोणतीही वस्तू खाली पडली तर जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी सुमारे अठरा किलोमीटर होतो. हा हिशेब मैत्रिणीने वहीच्या मागच्या पानावर दोन ओळींत करून दाखवला. गाडी उभी असली तरी हा वेग चुकत नाही. तो पृथ्वीच देते.

त्या वेगाने आलेले डोके दगडावर आपटले की ते दोन-तीन मिलिमीटरांत थांबते. कवटी थांबते, आतला मेंदू मात्र पुढे जाऊन तिच्यावर आदळतो. हेल्मेट नेमके येथे काम करते. त्याचे बाहेरचे कवच टणक असते आणि आघात पसरवते. पण खरा उपकार आतल्या थर्माकोलसारख्या फेसाळ थराचा. तो दबतो, चुरडतो आणि डोक्याला थांबायला दोन-अडीच सेंटिमीटरांची जागा देतो. तीन मिलिमीटरांऐवजी चोवीस मिलिमीटरांत थांबले, तर धक्का आठपट कमी होतो. उडी मारताना आपण गुडघे वाकवतो त्यातला प्रकार. तो थर एकदा चुरडला की पुन्हा फुगत नाही, म्हणून जोराने आपटलेले हेल्मेट बदलावे लागते. आणि हनुवटीखालचा पट्टा लावला नसेल तर डोके जमिनीला पोचण्याआधी हेल्मेटच दूर उडते. कायद्यातही ‘पट्ट्याने घट्ट बांधलेले’ हेच हेल्मेट मानले आहे.

हे ज्ञान फार जुने नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यवैद्य होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व दाखवणारा लेख लिहिला. त्यानंतर अनेक देशांतून झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली घेण्यात आला. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसून आले. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतील ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो.

मग रिक्षावाल्यानेही हेल्मेट घालावे काय? मला तसे वाटत नाही, आणि हे मी वडिलांच्या बाजूने बोलत नाही. रिक्षा मूळची स्कूटरचीच बहीण. इटलीच्या पियाजिओ कंपनीने १९४६ साली व्हेस्पा स्कूटर काढली आणि १९४८ साली तिच्याच पुढच्या भागाला मागे दोन चाकांचा सांगाडा जोडून माल वाहणारी गाडी तयार केली. तिचे नाव ‘आपे’. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. आपल्याकडे खेडोपाडी जिला ‘अ‍ॅपे’ म्हणतात ती या मधमाशीचीच वंशज. म्हणून रिक्षाला आजही स्कूटरसारखे हँडल आहे. पण स्कूटर आणि रिक्षा यांच्यात एक मोठा फरक आहे. रिक्षाच्या चालकाभोवती लोखंडी सांगाडा आहे, पुढे काच आहे, वर हूड आहे. रिक्षा उलटली तर धोका असतो तो उघड्या बाजूने बाहेर फेकले जाण्याचा आणि सांगाड्याखाली सापडण्याचा. त्यावर उपाय बाजूची दांडी, मजबूत सांगाडा, बेताचा वेग आणि परवान्याइतकेच प्रवासी. मागे बसलेल्या आजीबाईंच्या डोक्यावर हेल्मेट चढवणे हा उपाय नव्हे.

माझ्या मते प्रश्न चाकांच्या संख्येचा नाहीच. डोक्याभोवती काय आहे, हा प्रश्न आहे. गाडीला कवच असेल तर माणसाला पट्टा हवा, म्हणजे तो कवचाच्या आत राहील. गाडीला कवच नसेल तर ते डोक्यावर हवे. मग चाके दोन असोत, तीन असोत की मामांच्या स्कूटरसारखी चार. कायद्याच्या व्याख्येत एवढी गोष्ट स्पष्ट शब्दांत आली तर चौकात चाके मोजण्याची पाळी येणार नाही.

आता राहिला शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग : निवड कोणाची? ‘डोके माझे, फुटले तर माझे फुटेल, सरकारला काय?’ हा सवाल नवा नाही. अमेरिकेत १९६६ साली केंद्राने राज्यांना सांगितले की, हेल्मेटचा कायदा करा, नाहीतर रस्त्यांच्या निधीला कात्री लागेल. बहुतेक राज्यांनी कायदे केले. मग मोटारसायकलस्वारांनी चळवळ केली. ‘जो चालवील त्यालाच ठरवू द्या’ अशा अर्थाची त्यांची घोषणा होती. १९७६ साली ती अट निघाली आणि कितीतरी राज्यांनी आपले कायदे सैल केले. आपल्याकडे पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध वेळोवेळी आंदोलने झाली; २०१९ च्या जानेवारीतही मोर्चा निघाला. मानेला त्रास होतो, मागचा आवाज ऐकू येत नाही, उकडते, शहरात वेग असतोच कुठे, ही त्यांची कारणे. त्यांतले उकाड्याचे कारण मला खोटे वाटत नाही. वेगाचे कारण मात्र वहीच्या मागच्या पानावरच्या हिशेबात टिकत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न १९८८ साली आला होता. आंध्र प्रदेशाच्या हेल्मेटसक्तीच्या नियमाने संचारस्वातंत्र्यावर घाला पडतो, असा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. हा नियम स्वाराच्याच सुरक्षिततेसाठी आहे. त्याने त्याच्या फिरण्याला अडथळा येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय.

राज्यशास्त्राच्या तासाला आम्हाला जॉन स्टुअर्ट मिल शिकवला. दुसऱ्याला इजा होत नसेल तर व्यक्तीच्या वागण्यात समाजाने दखल देऊ नये, हे त्याचे तत्त्व. ते ऐकून मला प्रथम मामांचीच बाजू खरी वाटली. पण मिलने पुलाचेही एक उदाहरण दिले आहे. एखादा माणूस मोडकळीला आलेल्या पुलावर पाऊल टाकतो आहे आणि सांगायला वेळ नाही, तर त्याला धरून मागे ओढण्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग नाही. कारण नदीत पडण्याची त्याची इच्छाच नसते. मामांची इच्छा वास गमावण्याची होती काय? तीन चाकांची गाडी कलंडते कशी हे त्यांना कोणी सांगितले होते काय? ज्याला धोका ठाऊक नाही त्याने केलेल्या निवडीला निवड म्हणावे की अंदाज?

शिवाय ‘माझे डोके’ हे तरी कितपत खरे? ते नऊ दिवस आई दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपली. वडिलांची रिक्षा दारात उभी राहिली. कांडप ऐन सणाच्या तोंडावर बंद पडले. गरिबाच्या घरात एक डोके फुटले की चार घरांच्या चुली मंदावतात. याचा अर्थ सरकारने प्रत्येक धोक्यावर बंदी घालावी असा नव्हे. तसे केले तर झाडावर चढणेही बंद करावे लागेल. पण कलम एवढेच मागते की वीस-पंचवीस मिलिमीटरांचा एक थर डोक्याभोवती असू द्या. मागणे लहान आणि वाचणारे मोठे, अशा ठिकाणी सक्ती मला जाचक वाटत नाही.

मामा बरे झाल्यावर एकदा धीर करून मी त्यांना विचारले, ‘‘मामा, तुम्ही हेल्मेट घालत का नव्हता? खरं सांगा.’’ त्यांनी जे सांगितले ते माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. ‘‘अगं, दोन हात दोन कुबड्यांत. गाडीवरनं उतरल्यावर हेल्मेट धरू कशात? गाडीवर ठेवलं तर जातंय. चाकं मोजा म्हटलं ती नुसती सबब.’’ म्हणजे ज्याला आम्ही मामांची निवड समजत होतो ती निवड नव्हतीच, अडचण होती. आणि अडचण सांगायची लाज वाटली म्हणून तिला विनोदाचा वेश दिला होता. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी वेल्डिंगवाल्याकडून स्कूटरच्या पुढे कुलूप लावता येईल अशी कडी बसवून घेतली. दीडशे रुपये पडले. आता हेल्मेट तेथे अडकते. किती जणांच्या ‘स्वेच्छे’मागे अशी दीडशे रुपयांची अडचण लपली असेल!

मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ‘‘हवालदारानं त्या दिवशी मला सोडलं ते चाकं मोजून न्हाई. कुबड्या बघून सोडलं. दया आली त्याला. त्या पोराला पावती फाडली, तशी माझी फाडली असती तर बरं झालं असतं. पाय गेलेत माझे, डोकं काय गेलं न्हवतं.’’ यावर मला काही बोलता आले नाही. दयेने दिलेली सूटही कधी कधी माणसाला इतरांच्या रांगेतून बाहेर काढते, हे मला तेव्हा कळले.

लेख येथे संपवता आला असता. पण स्वतःबद्दल एक कबुली राहिली आहे. मी रोज सकाळी कॉलेजला वडिलांच्या रिक्षातूनच येते. मागच्या तीन जागा भाडे देणाऱ्यांच्या. म्हणून मी पुढे, वडिलांच्या शेजारी, चालकाच्या सीटच्या कडेला टेकून बसते. परवान्यावर ही चौथी जागा नाही. हा लेख लिहिण्यासाठी तो त्रिकोण समजून घेतला तेव्हा ध्यानात आले की माझे वजन नेमके त्याच्या निमुळत्या टोकाकडे पडते, आणि गाडी उलटलीच तर पहिली बाहेर पडणारी मीच. मी हे वडिलांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘मागं बसलीस तर एका खेपेचे वीस रुपये जातात.’’

गेल्या सोमवारपासून मी मागे बसते. बाजारच्या दिवशी मात्र पुढची जागा अजूनही भरलेली असते. त्या दिवशी तेथे मी नसते, दुसऱ्या कोणाची तरी मुलगी असते. आपल्या कॉलेजच्या फाटकाशी रोज सकाळी अशा दहा-बारा रिक्षा येऊन थांबतात. मित्रमैत्रिणींनो, उद्या उतरताना आपण कोठल्या जागेवरून उतरतो आहोत तेवढे पाहा.